डोकं खाजतं? आधी कारण शोधा, मग तेलाची वाटी घ्या

भगिनींनो, दोन्ही हात कणकेत बरबटलेले असावेत, गॅसवर दूध वर येत असावं आणि नेमकी त्याच वेळी डोक्यात अशी खाज सुटावी, की मनगटानं, कोपरानं, शेवटी दाराच्या चौकटीला डोकं घासून ती भागवावी लागावी! हा अनुभव नसलेली गृहिणी विरळाच. घरात एक वेळ ठीक आहे. पण हळदीकुंकवाला चारचौघींत बसलेलं असताना हात सारखा डोक्याकडे जाऊ लागला, की शेजारची बाई नकळत वीतभर मागे सरकते. ती काही बोलत नाही, पण तिच्या मनात काय आलं ते आपल्याला कळतं आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं.

या लाजेपोटी आपण कुणाला विचारत नाही. विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असतं. "डोकं कोरडं पडलंय गं, चांगलं तेल चोळ!" आजीनं आईला हेच सांगितलं, आईनं आपल्याला आणि आपण आपल्या लेकीला. तेल वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ताप आला की जसा एकच काढा सगळ्यांना चालत नाही, तसं खाजेचं आहे. खाज हा रोग नव्हे, ती नुसती सूचना आहे. सूचना कशाची, हे न पाहता तेलाची वाटी हातात घेतली तर कधी दुखणं वाढतं आणि कधी, अगदी क्वचित का होईना, जिवावर बेततं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. गेल्या दिवाळीत डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहायला बसले आहे.

एका घरातली चार डोकी

माझी धाकटी बहीण साखऱ्याला दिली आहे. साखरा हे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं गाव. सोयाबीन, कपाशी, तूर अशी शेती. सोयाबीनची मळणी उरकली, की घरादाराला जरा उसंत मिळते आणि दिवाळी येते. त्या सुट्टीत मी चार दिवस तिच्याकडे गेले होते.

पहिल्या पहाटेला अभ्यंगासाठी तेल कोमट करत असताना बहीण म्हणाली, "अक्का, डोकं लई खाजायलंय गं. रोज तेल लावायले, तरी थांबंना गेलंय." तेवढ्यात तिच्या सासूबाई कानामागे चोळत आल्या, त्यांचंही तेच. मोठ्या जाऊबाईंची मान आणि कपाळाच्या कडेची कातडी लाल झालेली. आणि नऊ वर्षांची भाची दोन्ही हातांनी डोकं खाजवत अंथरुणातून उठली. चौघींवर उपाय मात्र एकच चाललेला, तेल!

भाचीच्या डोक्यात उवा आहेत हे शेजारच्या एका बाईंनी ओळखलं. भल्या मनाच्या बाई. त्यांनी भल्या मनानंच सल्ला दिला, "कपाशीचं औषध राह्यलंय का घरात? दोन थेंब तेलात कालवून चोळा. एका रात्रीत साफ होतंय." आणि माझी बहीण, शिकलेली, दोन लेकरांची आई, ओसरीवरच्या कोनाड्यातली बाटली आणायला उठलीसुद्धा! ती बाटली मी तिच्या हातातून अक्षरशः ओढून घेतली. त्या सकाळी मी साखऱ्यात नसते तर काय झालं असतं, या विचारानं आजही काटा येतो.

भाऊबीज झाल्यावर चौघींना घेऊन हिंगोलीला त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी एकेकीला खिडकीशी बसवलं, भांग पाडून पाहिलं आणि म्हणाल्या, "एका घरातली चार डोकी आणि चौघींची कारणं चार!" ती कारणं मी इथे एकेक करून सांगते. वाचता वाचता आपलं डोकं त्यांपैकी कुठे बसतं ते पाहा.

कोंडा : तेलावर पोसणारा

माझ्या बहिणीला होता तो कोंडा. आपला समज असा, की टाळू कोरडी पडते आणि तिच्या खपल्या निघतात, म्हणजे कोंडा. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलट असतं. आपल्या सगळ्यांच्याच डोक्यावर एक सूक्ष्म बुरशी राहते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-शार्ल मालासेझ यांनी १८७४ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला आज मालासेझिया म्हणतात. ही बुरशी टाळूतून पाझरणाऱ्या तेलकट द्रव्यावर जगते. ते पचवताना जी आम्लं तयार होतात, ती काही जणींच्या कातडीला झोंबतात. मग कातडी लाल होते, खाजते आणि नेहमीपेक्षा लवकर सुटू लागते. तोच कोंडा.

आता आपण वरून रोज तेल ओतलं तर काय होईल? पाहुण्याला जेवायला वाढल्यासारखंच ते! पहिला तासभर बरं वाटतं, कारण सुटलेल्या खपल्या तेलानं चिकटून बसतात आणि दिसेनाशा होतात. दुसऱ्या दिवशी खाज पुन्हा हजर.

ओळख कशी पटवायची? खपल्या मोठ्या, पिवळसर, हाताला चिकट लागतील. केसही मुळाशी तेलकट असतील. भुवया, नाकाच्या कडा आणि कानामागेही तसाच भुगा दिसेल. थंडीत हे वाढतं आणि मनावर ताण असला की आणखीच. याउलट खरोखरच कोरडी टाळू असेल तर भुगा बारीक, पांढरा, पिठासारखा असतो आणि हातपायांची कातडीही तडतडते. तेल उपयोगी पडतं ते या दुसऱ्या प्रकारात.

कोंड्यासाठी औषधी दुकानात किटोकोनाझोल (२ टक्के), झिंक पायरिथिऑन किंवा सेलेनियम सल्फाइड असलेले शांपू मिळतात. बाटलीवर नाव वाचून घ्या. पण आपण बायका चूक करतो ती लावण्यात. केसांना फेस आणून लगेच धुऊन टाकतो. हे औषध केसांचं नव्हे, टाळूचं आहे. बोटांच्या पेरांनी टाळूला लावावं, घड्याळ लावून पाच मिनिटं ठेवावं आणि मग धुवावं. आठवड्यातून दोनदा, असं चार आठवडे. पुढे पंधरा दिवसांतून एकदा लावत राहावं. कोंडा मुळासकट कायमचा जात नाही, तो ताब्यात ठेवायचा असतो. 'एका धुण्यात कायमचा नायनाट' म्हणणाऱ्या जाहिरातीला भुलू नका. दिवस राहिलेले असतील किंवा अंगावर पाजत असाल तर औषधी शांपू डॉक्टरांना विचारूनच आणावा.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. टाळूतला हा तेलकटपणा वयात येताना सुरू होतो. तान्ह्या बाळांच्या डोक्यावर पिवळ्या खपल्या धरतात, ती गोष्ट निराळी आणि बहुधा आपोआप जाते. पण पाच ते दहा वर्षांच्या मुलीचं डोकं खाजत असेल तर 'कोंडा झालाय' म्हणून सोडून देऊ नका. तिथे बहुधा कोंडा नसतोच.

उवा : लाज नको, फणी हवी

तिथे असतात उवा. लीख आणि कोंडा यांत फरक सोपा आहे. कोंडा फुंकरीनं, बोटानं सरकतो. लीख केसाला डिंकानं चिकटवल्यासारखी एका बाजूला घट्ट बसलेली असते, ती नखांनी ओढून काढावी लागते. कानामागे आणि मानेवरच्या केसांत, टाळूपासून अर्ध्या सेंटिमीटरच्या आत पाहा. तिथली लीख जिवंत असते.

उवा घाणीमुळे होतात हा समज आधी मनातून काढून टाका. ऊ स्वच्छ धुतलेल्या डोक्यातही तितक्याच आनंदानं राहते. तिला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. डोक्याला डोकं लागलं की ती चालत दुसरीकडे जाते. मुली एका बाकावर डोकी जोडून बसतात, एका अंथरुणात निजतात, म्हणून त्यांच्यात जास्त. पहिल्यांदा उवा झाल्या तर खाज सुटायला चार ते सहा आठवडेही लागतात. म्हणजे एकीचं डोकं खाजू लागेपर्यंत घरात आणखी दोघींच्या डोक्यात त्या पोचलेल्या असू शकतात. म्हणून एकीला सापडल्या की घरातली सगळी डोकी त्याच दिवशी पाहावीत.

उपाय दोन आहेत. पहिला पैशाविना होणारा, आपल्या आज्यांचा, बारीक दातांच्या फणीचा. इथे मात्र तेलाला मान आहे! केसांना भरपूर तेल लावलं की उवांची हालचाल मंदावते आणि फणी सहज फिरते. मुलीला उजेडात बसवा, मांडीवर पांढरं फडकं पसरा आणि केसांचे पातळ भाग करून मुळापासून टोकापर्यंत फणी ओढा. दर वेळी ती फडक्यावर पुसून पाहा. हे तीन-चार दिवसांच्या अंतरानं सलग दोन-तीन आठवडे करायचं. एकदा करून थांबलात तर व्यर्थ, कारण लीख फुटून नवी ऊ बाहेर यायला सात ते दहा दिवस लागतात.

दुसरा उपाय परमेथ्रिन (१ टक्का) असलेल्या औषधाचा. ते धुऊन टॉवेलनं पुसलेल्या केसांना मुळापासून लावतात, दहा मिनिटं ठेवतात आणि पाण्यानं धुतात. आठ-नऊ दिवसांनी पुन्हा एकदा लावायचं, नव्या निघालेल्या उवांसाठी. दोन महिन्यांहून लहान बाळाला ते लावू नये. फण्या कडकडीत पाण्यात दहा मिनिटं बुडवा, दोन दिवसांत वापरलेले अभ्रे आणि चादरी गरम पाण्यानं धुवा. सगळं घर धुऊन काढायची गरज नाही, डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते.

आता त्या बाटलीविषयी. शेतात फवारायचं कीटकनाशक डोक्याला कधीही, कोणत्याही प्रमाणात, तेलात कालवूनसुद्धा लावू नका. टाळूची कातडी औषध फार लवकर शोषून घेते, खाजवून ओरखडे पडले असतील तर आणखीच. मूल जितकं लहान तितकं विष लवकर चढतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ती धडधाकट माणसं होती आणि औषध त्यांनी प्यायलेलं नव्हतं. अंगावर उडून आणि श्वासातून ते त्यांच्या शरीरात गेलं होतं. मग नऊ वर्षांच्या पोरीच्या टाळूवर ते चोळून रात्रभर ठेवलं तर?

कुणी असं केल्याचं कळलं तर वेळ दवडू नका. अंगावरचे कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्यानं डोकं-अंग धुवा आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा. धुणाऱ्या बाईनं हातात रबरी मोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात. तोंडातून लाळ, उलटी, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं ही विष भिनल्याची लक्षणं. पण ती दिसायची वाट पाहू नये. रॉकेल, पेट्रोल, डिझेल यांचंही तेच. ते कातडी भाजतं आणि चुलीजवळ किंवा देवघरातल्या समईजवळ ते डोकं गेलं तर पुढचं सांगायला नको.

काळी मेंदी : दहा वेळा सोसली, अकराव्या वेळी नाही

बहिणीच्या सासूबाईंनी दिवाळीच्या चार दिवस आधी केसांना काळी मेंदी लावली होती. "ही तर मेंदी आहे, झाडपाल्याची," त्या म्हणाल्या. भगिनींनो, झाडाच्या पानांची खरी मेंदी केसांना तांबूस, नारिंगी रंग देते. अर्ध्या-एक तासात केस काळेभोर करणारी मेंदी ही नुसती मेंदी नसते. तिच्यात बहुधा पॅराफेनिलिनडायअमाइन नावाचं रसायन असतं. पाकिटावर ते 'पीपीडी' असंही लिहिलेलं असतं. 'अमोनियाविरहित' लिहिलेल्या रंगातही ते असू शकतं.

काही जणींना या रसायनाची ॲलर्जी होते. ती पहिल्याच वेळी होते असं नाही. सासूबाई पाच वर्षं तीच मेंदी लावत होत्या. शरीर एखाद्या दिवशी ते रसायन ओळखू लागतं, मग पुढे प्रत्येक वेळी त्रास होतो आणि उत्तरोत्तर तो वाढतो. रंग लावल्यावर एक ते तीन दिवसांत केसांच्या कडेला, कानांवर, मानेवर खाज आणि लाली, पाण्याचे बारीक फोड, पापण्यांना सूज अशी ही तक्रार असते. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर तडक इस्पितळ गाठावं.

रंग लावायचाच असेल तर दर वेळी आधी थोडा कालवून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावून पाहावा आणि ४८ तास थांबावं. खाज, लाली आली तर तो रंग घरात ठेवू नका. एकदा ॲलर्जी झाली की ती जन्माची सोबत, 'थोडाच लावते' ही तडजोड चालत नाही. आणि हो, केसांच्या रंगाची पाकिटं आणि बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. पोटात गेल्यास हे रसायन जीवघेणं आहे.

गाजर गवत : बांधावरचा छुपा वैरी

मोठ्या जाऊबाईंचं डोकं वरून स्वच्छ होतं. पण कपाळाची कड, मान, कानामागचा भाग आणि पापण्या लाल होऊन जाड झालेल्या. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "शेतात जाता का? बांधावर गाजर गवत आहे का?" नाही म्हणायची सोयच नव्हती!

पांढऱ्या बारीक फुलांचं, गाजराच्या पाल्यासारखं दिसणारं हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे ते १९५५च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेला आलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं असं मानतात. लोक त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. पुढे ते देशभर पसरलं. शहरातल्या बायकांनी 'आमचा काय संबंध' म्हणू नये. रिकाम्या प्लॉटवर, रेल्वेच्या रुळांकडेला, शाळेच्या मैदानाच्या कडेला तेच माजलेलं असतं. त्याच्या वाळलेल्या पानाफुलांचा भुगा वाऱ्यानं उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. काहींच्या कातडीला तो सोसत नाही.

खूण अशी, की त्रास उघड्या भागावर असतो; पोलक्याखालची, साडीखालची कातडी चांगली असते. पावसाळ्यात आणि नंतर गवत माजतं तेव्हा खाज वाढते. उपाय म्हणजे त्या गवतापासून लांब राहणं. निंदणीला जावंच लागलं तर लांब बाह्या, डोक्यामानेला सुती फडकं आणि हातमोजे घालावेत. घरी आल्यावर लगेच डोक्यावरून अंघोळ करून ते कपडे निराळे धुवावेत. गवत उपटायचं तर फुलावर येण्याआधी. आणि ज्यांना त्रास आहे त्यांनी ते उपटूच नये, जाळूही नये.

बोअरचं पाणी आणि साबणाची वडी

हे पाचवं कारण त्या चौघींना मिळून होतं आणि मराठवाड्यात ते घरोघरी आहे. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. तांब्याच्या घंगाळात, नळाच्या तोटीवर जो पांढरा थर धरतो तोच. अशा पाण्यात साबणाची वडी डोक्याला चोळली, की साबण आणि क्षार मिळून एक चिकट साका तयार होतो. फेस येत नाही, म्हणून आपण आणखी साबण घासतो आणि साका आणखी वाढतो. केस तारेसारखे होतात, टाळूवर थर बसतो आणि खाज सुटते.

साबणाऐवजी सौम्य शांपू किंवा शिकेकाई-रिठे वापरावेत, त्यांचा असा साका होत नाही. पाणी दहा मिनिटं खळखळ उकळून, निवू देऊन, खाली बसलेला गाळ न ढवळता वरचं घेतलं तर क्षार काहीसे कमी होतात. पावसाळ्यात पन्हाळीचं पहिलं पाणी सोडून पुढचं स्वच्छ पाणी धरून ठेवता आलं तर शेवटची खळबळ त्याची द्यावी. एक चूक मात्र करू नका. घरातल्या आरओ यंत्राचं जे पाणी वाया जातं, ते 'फिल्टरचं आहे' म्हणून डोक्यावर घेऊ नका. काढलेले सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात! ते फरशी पुसायला ठेवावं.

*शिकेकाईचं पाणी (एका न्हाण्यासाठी) :* शिकेकाईच्या आठ-दहा शेंगा, बिया काढलेले पाच-सहा रिठे आणि मूठभर आवळकाठी रात्री लिटरभर पाण्यात भिजत घालावी. सकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळावी, कोमट झाल्यावर कुस्करून सुती फडक्यातून दोनदा गाळावी. गाळणं महत्त्वाचं, कारण चोथ्याचे कण टाळूवर राहिले तर त्यांचीच खाज सुटते. डोळे मिटून वापरावं, रिठ्याचं पाणी फार झोंबतं. यानं टाळू स्वच्छ होते. पण कोंड्याची बुरशी मात्र मरत नाही, तिथे औषधच हवं.

तोवर जिवाला थंडावा

कारण कळून उपाय लागू पडेपर्यंत खाज तर छळतेच. त्यासाठी घरातल्या घरात करता येण्याजोगं थोडं काही :

खाजवण्याऐवजी थंड पाण्यात पिळलेलं सुती फडकं दहा मिनिटं डोक्यावर ठेवा. अगदीच राहवत नसेल तर तळव्यानं दाबा, नखं लावू नका. नखं बारीक कापलेली ठेवा. रात्री झोपेतही आपण खाजवतो आणि ओरखड्यांत पू धरतो.

कोरफडीचं पान कापून आधी दहा मिनिटं उभं ठेवा आणि त्यातला पिवळा चीक गळून जाऊ द्या. तो चीक कातडीला झोंबतो. मग आतला पारदर्शक गर मनगटावर लावून पाहा, त्रास झाला नाही तरच टाळूला लावा. वीस मिनिटांनी धुवा.

न्हाताना पाणी कोमट असावं. कढत पाण्यानं क्षणभर बरं वाटतं, पण टाळू अधिक कोरडी होते. न्हाल्यावर ओल्या केसांचा अंबाडा घालून त्यावर गजरा माळायची आपली सवय सोडा. ओलावा कोंडून राहतो. आठवड्यातून दोनदा तरी डोक्यावरून न्हावं. वारातिथीचे नियम ज्यांना पाळायचे आहेत त्यांनी जरूर पाळावेत, पण सात दिवसांतले दोन मोकळे दिवस सापडतातच. उशीचे अभ्रे आठवड्याला बदला आणि प्रत्येकीचा कंगवा निराळा ठेवा.

टाळू कोरडीच असेल तर न्हाण्याआधी तासभर खोबरेल लावून मग धुवावं. दिवसेंदिवस डोक्यात मुरवत ठेवू नये. तेलात कापूर घालतात, त्यानं गार वाटतं खरं. पण कापूर लहान मुलांच्या पोटात गेल्यास आकडी येऊ शकते, म्हणून मुलांच्या डोक्याला तो नको. लिंबाचा निव्वळ रस, खायचा सोडा, लसणाचा-कांद्याचा रस हे लाल झालेल्या टाळूवर अजिबात नको, कातडी भाजते. आमचा हिंगोली जिल्हा हळदीचा, वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यामुळे कशालाही हळद लावायची आम्हाला सवय! पण केसांच्या मुळाशी वाळलेली हळद निघता निघत नाही आणि खाज काही थांबत नाही. तिचं स्थान आमटीतच बरं.

डॉक्टरांकडे केव्हा?

तीन-चार आठवडे नीट उपाय करूनही खाज राहिली तर जावंच. जाड, चंदेरी पापुद्र्यांचे थर कपाळाच्या कडेबाहेर उतरले असतील, कोपर-गुडघ्यांवरही तसेच डाग असतील, तर तो सोरायसिस असू शकतो. तो संसर्गानं पसरत नाही. अशा बाईची फणी, ताट वेगळं करू नका. लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटून गोल चट्टा पडला असेल तर तो नायटा. त्याला नुसतं मलम पुरत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या पोटातल्या गोळ्या काही आठवडे घ्याव्या लागतात. पू, ताप, मानेच्या गाठी, झपाट्यानं केस गळणं यांतलं काही असेल तर वाट पाहू नका. डोकं अगदी स्वच्छ दिसतं आणि तरी अंगभर खाज येते, अशा वेळी साखर, थायरॉइड, रक्त तपासायला सांगतात. चाळिशी-पन्नाशीत पाळी जाताना कातडी कोरडी पडते, तेही एक कारण.

आणि औषधाच्या दुकानातून "खाजेवर काहीतरी द्या" म्हणून मलम आणू नका. त्यांपैकी अनेकांत स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते. पण बुरशी असेल तर ती आतल्या आत पसरते आणि कातडी पातळ होते. म्हणूनच २०१८ साली सरकारनं अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर निर्बंध आणले. चिठ्ठीनं मिळालं तरी सांगितले तितकेच दिवस लावावं.

संक्रांतीला बहिणीचा फोन आला. तिचा कोंडा आटोक्यात आहे, सासूबाईंनी पांढरे केस तसेच ठेवले आहेत, "बरं दिसतंय की म्हातारपण," म्हणतात. जाऊबाई शेतात फडकं बांधून जातात, पण गवत आहे तोवर अधूनमधून त्रास होतोच. भाचीच्या उवा गेल्या, शाळेतून पुन्हा एकदा आल्या, पुन्हा फणीनं काढल्या. आणि ओसरीवरच्या कोनाड्यातली ती बाटली आता शेतातल्या आखाड्यावर, कुलपाच्या पेटीत आहे.

भगिनींनो, तुमच्या घरी असा एखादा कोनाडा असेल तर आजच पाहा. मग दुपारची कामं उरकली, की लेकीला खिडकीशी, उजेडात समोर बसवा आणि तिचा भांग पाडून नीट पाहा. पाच मिनिटं लागतील. तिला रागावू नका, लाजवू नका. डोकं खाजणं हा काही तिचा गुन्हा नाही आणि तुमचाही नाही.